दक्षिणेची गॅलरी, जुलैतले टोमॅटो आणि सल्ला कुणाचा ऐकावा

नमस्कार.

तुमचा प्रश्न मी समजून घेतला तो असा. तुम्ही गोरेगावात सातव्या मजल्यावर राहता, गॅलरी दक्षिणेकडे आहे, आणि गेले वर्षभर बागेविषयीची जवळजवळ प्रत्येक गोष्ट तुम्ही एआय चॅटबॉटला विचारून केली. त्याच्या सांगण्यावरून जूनच्या आरंभी टोमॅटोची रोपे लावली, ती जुलैत सडली. दक्षिणेला ऊन सर्वाधिक असते असे त्याने सांगितल्यामुळे मोगरा तिथे ठेवला, त्याला एप्रिल-मेमध्ये पाने भरपूर आली पण कळ्या मोजक्याच धरल्या. कढीपत्ता पिवळा पडला आहे. चॅटबॉट म्हणतो लोहाची कमतरता, सावंतवाडीच्या सासूबाई म्हणतात आंबट ताक घाल, आणि नर्सरीवाले म्हणतात ही बाटली घेऊन जा. यापुढे यंत्राचे ऐकावे की माणसांचे, असे तुम्ही विचारले आहे.

मुंबईच्या उपनगरांत सोसायट्यांच्या आणि घरगुती बागांची कामे मी बरीच वर्षे करत आलो आहे, आणि अलीकडे चॅटबॉटही वापरतो. त्या अनुभवावरून मला वाटते की तुमच्या तिन्ही सल्लागारांची अडचण एकच आहे. प्रत्येकाचे ज्ञान कुठल्या तरी जागेचे आहे आणि ती जागा तुमची गॅलरी नाही. सासूबाईंचे ज्ञान सावंतवाडीच्या परसाचे आहे, नर्सरीवाल्याचे त्याच्या हिरव्या जाळीखालच्या शेडचे आहे, आणि चॅटबॉटचे ज्ञान एकाच वेळी शेकडो ठिकाणांचे असल्यामुळे नेमके कुठलेच नाही. म्हणून कुणावर विश्वास ठेवावा हे एकदाच ठरवून टाकण्यापेक्षा, समोरचे उत्तर कुठल्या परिस्थितीतून आले आणि ती आपल्याकडे आहे का, हे प्रत्येक वेळी तपासण्याची सवय लावून घेणे अधिक उपयोगाचे आहे. तुमची गॅलरी मीही पाहिलेली नाही. वरच्या मजल्याचा स्लॅब किती पुढे आला आहे, समोर टॉवर आहे का, ग्रिल बाहेर काढलेली आहे की कठड्याच्या रेषेत आहे, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे; त्यामुळे माझे उत्तरही त्याच कसोटीवर घासून घ्या.

आधी चॅटबॉटविषयी. ही यंत्रे अफाट मजकूर वाचून घडवलेली असतात आणि त्या मजकुरात जे वारंवार येते ते उत्तरात सहज उतरते. बागकामावरचा इंग्रजी मजकूर प्रचंड आहे आणि त्यातला फार मोठा भाग ब्रिटन-अमेरिकेसारख्या देशांतला आहे, जिथे हिवाळ्यात जमीन गोठते आणि हिमतुषार संपले की पेरणी सुरू होते. त्या बागांचे सगळे वेळापत्रक थंडी चुकवण्यासाठी आखलेले असते. आपल्याला चुकवायचा असतो तो पाऊस. लंडनमध्ये वर्षभरात सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच दोन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो. 'मी मुंबईत आहे' असे सांगितल्यावर चॅटबॉट पावसाळ्याचा उल्लेख करतो खरा, परंतु पुष्कळदा मूळ वेळापत्रक तसेच ठेवून त्यात 'पावसात निचऱ्याची काळजी घ्या' असे एक वाक्य जोडतो. तुमच्या टोमॅटोच्या बाबतीत नेमके हेच घडले असावे.

टोमॅटोला जूनमध्ये मुंबईत काय भोगावे लागते ते पाहू. फळधारणा चांगली व्हायला या पिकाला रात्रीचे तापमान साधारण १५ ते २० अंश लागते, आणि रात्री २४ अंशांच्या वर राहू लागल्या की परागीकरण बिघडते व फुले गळतात. आपल्याकडे मेमध्ये किमान तापमान २६-२७ अंश असते आणि पावसाळ्यातही ते २५ च्या आसपासच राहते. जानेवारीत मात्र ते सरासरी १७ अंशांपर्यंत उतरते. त्यात पावसाने कुंडीतली माती दिवसेंदिवस भिजलेली राहते, मुळांना हवा मिळत नाही, बुरशीचे फावते. म्हणून मुंबईत कुंडीतल्या टोमॅटोचे बी सप्टेंबरच्या उत्तरार्धात टाकावे, रोपे ऑक्टोबरमध्ये मोठ्या कुंडीत हलवावीत आणि डिसेंबर ते फेब्रुवारी फळे घ्यावीत.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, रात्रीच्या तापमानाची माहिती चॅटबॉटकडे आहे. 'टोमॅटो कधी लावू?' असे विचारले की तो एक महिना सांगतो आणि तो महिना भलत्याच देशाचा असू शकतो. 'टोमॅटोची फळधारणा रात्रीच्या किती तापमानाला होते आणि किती तापमानाला थांबते?' असे विचारले की बहुधा बरोबर उत्तर मिळते, कारण टोमॅटोचे शरीर लंडनमध्ये आणि गोरेगावात एकच असते. मग मुंबईचे महिनावार तापमान पाहून महिना तुम्ही स्वतः ठरवू शकता. चॅटबॉटकडून तारीख, मात्रा, 'इतक्या दिवसांनी पाणी' अशा तयार सूचना घेण्याऐवजी त्या झाडाला काय लागते आणि का लागते हे विचारावे. ती गरज मुंबईत कधी, कुठे आणि कशी भागेल याचा हिशेब मात्र इथेच मांडावा. माझ्या कामात चॅटबॉटचा जो काही खरा उपयोग झाला आहे, तो या पद्धतीने विचारल्यावरच झाला आहे.

आता मोगऱ्याकडे वळतो आणि इथे थोडा रेंगाळणार आहे, कारण दक्षिणेच्या गॅलरीविषयीचा गैरसमज मुंबईत फार पसरलेला आहे आणि तो एकट्या चॅटबॉटचा नाही. छापील पुस्तकांतही तो उचललेला दिसतो.

'दक्षिणेला सर्वाधिक ऊन, उत्तरेला सावली' हा नियम कर्कवृत्ताच्या बऱ्याच उत्तरेला असलेल्या प्रदेशांत बारा महिने खरा ठरतो, कारण तिथे सूर्य माध्यान्ही नेहमीच दक्षिणेकडे असतो. मुंबई साधारण १९ उत्तर अक्षांशावर आहे. आपल्याकडे १५ मेच्या सुमारास सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, त्या दिवशी उभ्या काठीची सावली नाहीशी होते, आणि तसाच दुसरा दिवस २७-२८ जुलैच्या सुमारास येतो. या दोन दिवसांच्या दरम्यान दुपारचा सूर्य चक्क आपल्या उत्तरेला असतो. शिवाय मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य उगवतो तो पूर्वेच्या थोडा उत्तरेला आणि मावळतो तोही पश्चिमेच्या उत्तरेला. याचा परिणाम असा की डिसेंबरमध्ये माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून अवघ्या ४७-४८ अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीतले ऊन गॅलरी ओलांडून थेट हॉलच्या लादीवर येते. मार्च संपता संपता ते कठड्याकडे सरकते. एप्रिलमध्ये वरच्या मजल्याचा स्लॅब त्याला अडवू लागतो आणि मे महिन्यात, बाहेर रस्त्यावर उन्हाने अंगाची लाही होत असताना, दक्षिणेच्या गॅलरीत थेट ऊन जवळजवळ उरतच नाही. उजेड भरपूर असतो, आणि माणसाच्या डोळ्यांना तो उजेड उन्हासारखाच भासतो. झाडाच्या दृष्टीने मात्र दोहोंत मोठा फरक आहे.

मोगरा हे उन्हाळ्यात फुलणारे झाड आहे आणि मार्च ते जून या काळात त्याला कडक ऊन हवे असते. नेमक्या त्याच महिन्यांत तुमच्या गॅलरीतून ऊन निघून जाते. पाने भरपूर आणि कळ्या कमी हे तुम्ही केलेले वर्णन या निदानाशी जुळते, विशेषतः जर त्याला नत्रयुक्त खतही मिळाले असेल तर. खात्री करायची असेल तर येत्या एप्रिलमध्ये एका सुटीच्या दिवशी सकाळी आठपासून दर तासाला मोगऱ्याच्या कुंडीवर हात धरून पाहा. हाताची कडेला स्पष्ट, गडद सावली पडली तर ते थेट ऊन, फिकट आणि पसरट पडली तर नुसता उजेड. असे किती तास भरतात ते लिहून ठेवा. चार तासांहून कमी भरले तर त्यापुढच्या वर्षी फेब्रुवारीअखेर मोगऱ्याची जागा बदलावी लागेल: पश्चिमेची खिडकी, स्लॅबच्या रेषेबाहेर आलेली ग्रिल, किंवा सोसायटीने परवानगी दिली तर गच्ची. छाटणी थंडीत, डिसेंबरच्या सुमारास करा. त्याआधी काही दिवस पाणी कमी करा, आणि छाटणीनंतर शेणखत व पाणी सुरू करा, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाला येणाऱ्या नव्या फुटीवर कळ्या धरतील.

हीच दक्षिणेची गॅलरी ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात मुंबईतली फार चांगली जागा असते. टोमॅटो, मिरची, मेथी, पालक, झेंडू यांचा हंगामही तोच. तुमच्या चॅटबॉटने चुकीच्या महिन्यात लावायला सांगितलेले पीक योग्य महिन्यात याच गॅलरीत उत्तम येईल. गंमत म्हणजे सूर्याचा हा सारा हिशेब चॅटबॉट करू शकतो. 'माझे अक्षांश १९ अंश उत्तर, गॅलरी दक्षिणाभिमुख, चार फूट खोल, वर स्लॅब आहे. मे आणि डिसेंबरमध्ये माध्यान्हीचे ऊन किती आत येईल?' असे विचारले तर तो भूमितीने उत्तर काढतो. पण हे विचारायला हवे हे त्याने सुचवले नाही, आणि तुम्हाला सुचावे असे काही कारणही नव्हते. इमारतींच्या गॅलऱ्यांत काम केलेल्या माणसाला ते सुचते. अनुभवाचे मोल मला सर्वात जास्त जाणवते ते इथे: काय विचारायचे हे कळण्यात.

कढीपत्त्याचे प्रकरण वेगळे आहे, कारण तिथे तिघेही अंशतः बरोबर असू शकतात.

पाने पिवळी पडणे हे लक्षण इतक्या कारणांनी दिसते की नुसत्या वर्णनावरून किंवा फोटोवरून त्याचे निदान करणे मला तरी जमत नाही. नवी, शेंड्याची पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या तर लोह कमी मिळत असण्याची शक्यता मोठी. खालची, जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता असू शकते. सगळीच पाने मलूल आणि फिकट असतील तर बहुधा मुळे पाण्यात गुदमरत आहेत. आणि मातीत लोह असूनही ते मिळत नाही अशीही स्थिती येते, कारण मुळेच कुजलेली असतात. म्हणजे 'लोहाची कमतरता' हे चॅटबॉटचे उत्तर पानाच्या फोटोपुरते बरोबर असू शकते आणि तरीही लोहाचे औषध घालून काहीही उपयोग होणार नाही. फोटोत पान दिसते. मूळ दिसत नाही, मातीचा वास येत नाही, कुंडी उचलल्यावर ती किती जड लागते ते कळत नाही. आमच्याकडचे जुने माळी प्रथम कुंडी उचलून पाहतात, मग बोट खुपसतात, आणि शंका आली तर कुंडी आडवी करून मातीचा गोळा अलगद बाहेर काढतात. निरोगी मुळे पांढुरकी आणि घट्ट असतात. कुजलेली तपकिरी, बुळबुळीत, आणि त्यांना सांडपाण्यासारखा वास येतो. ही तपासणी तुम्ही स्वतः दहा मिनिटांत करू शकता, आणि ती केल्याशिवाय कुठलीही बाटली विकत घेऊ नका.

सासूबाईंच्या ताकाविषयी मला आदराने पण स्पष्ट सांगायचे आहे. त्यांचे निरीक्षण खरे असणार: त्यांनी वर्षानुवर्षे ताक घातले आणि कढीपत्ता फोफावला. ताक आम्लधर्मी असल्यामुळे अल्कधर्मी मातीत लोह विरघळायला त्याची थोडी मदत होऊ शकते. पण सावंतवाडीच्या जांभ्या मातीत लोह मुळातच भरपूर असते आणि ती माती स्वभावतःच आम्ल असते. तिथे कढीपत्ता जोमाने वाढतो याचे श्रेय ताकापेक्षा माती, उत्तम निचरा आणि मोकळ्या जमिनीत लांबवर जाणारी मुळे यांना द्यावे लागेल. माणसाच्या अनुभवाचे हे बलस्थानही आहे आणि मर्यादाही: काय केले आणि काय झाले हे तो अचूक लक्षात ठेवतो, पण त्या दोहोंमधले कारण त्याने शोधलेले असतेच असे नाही. जागा बदलेपर्यंत त्याने फरक पडत नाही. परसातले झाड दहा इंची कुंडीत आले की पडतो, कारण तिथे घट्ट ताक घातले तर ते मुरायला जागा नसते, त्याला वास येतो, चिलटे आणि मुंग्या येतात. भरपूर पाणी घालून पातळ केलेले ताक महिन्यातून एखाद्या वेळी घातल्याने अपाय होणार नाही. सासूबाईंचे मनही राखले जाईल. मात्र उपचार म्हणून त्यावर विसंबू नका.

इथे पाण्याचाही प्रश्न येतो, जो तुम्हाला कुणीच विचारलेला दिसत नाही. महापालिकेचे पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांतून येते आणि ते तुलनेने मृदू असते, त्यामुळे त्याने मातीचा आम्लपणा फारसा बिघडत नाही. पण सोसायटीत वरच्या कामांसाठी बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी येत असेल आणि झाडांना तेच मिळत असेल, तर समुद्रालगतच्या या शहरात ते क्षारयुक्त असू शकते, आणि मग नवी पाने पिवळी पडण्याचे कारण तिथे सापडेल. कुंडीच्या काठावर किंवा मातीच्या पृष्ठभागावर पांढरट थर दिसतो का ते पाहा.

माणसांच्या अनुभवाची बाजू घेताना आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. काही संकटे आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेलीच नसतात. पपई, जास्वंद आणि तुतीवर कापसासारखे पुंजके करून बसणारा पपईचा पिठ्या ढेकूण भारतात २००८ मध्ये कोइमतूरजवळ प्रथम आढळला आणि नंतर इतर राज्यांत पसरला. त्यावर परंपरेत उत्तर असण्याचा प्रश्नच नव्हता. उत्तर निघाले ते २०१० मध्ये पोर्तो रिकोहून आणलेल्या परोपजीवी गांधीलमाश्यांमुळे, ज्यांतली अ‍ॅसेरोफॅगस पपायी ही विशेष परिणामकारक ठरली. अशा विषयात चॅटबॉट तुम्हाला अर्ध्या मिनिटात योग्य दिशेला नेऊ शकतो, आणि जास्वंदीवर सरसकट विषारी फवारा मारला तर या उपकारक माश्याही मरतात हेही सांगू शकतो. त्याचप्रमाणे 'दुपारी पाणी घातले तर थेंबांच्या भिंगाने पाने भाजतात' ही समजूत मी फार अनुभवी माळ्यांकडूनही ऐकली आहे. हंगेरीतील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गुळगुळीत पानांवर तसे होत नाही असे दिसले; दाट लव असलेल्या पानांवर मात्र थेंब पानापासून उंचावर तोलले गेले तर ते होऊ शकते. मेच्या दुपारी पाणी घालू नये हे तरीही खरे आहे, कारण गच्चीवरच्या नळीतले पाणी तापलेले असते. सल्ला बरोबर आणि कारण चुकीचे, असे बागकामात पुष्कळदा आढळते.

याच्या उलट चॅटबॉटही परंपरा पाळतो, फक्त ती इंटरनेटची परंपरा असते. टोमॅटोच्या बुडाला काळा, खोलगट डाग पडला की एप्सम सॉल्ट घाला, असे इंटरनेटवर इतक्या ठिकाणी लिहिलेले आहे की चॅटबॉटच्या उत्तरातही ते येऊन जाते. तो डाग फळापर्यंत कॅल्शियम न पोहोचल्यामुळे पडतो, आणि त्याचे नेहमीचे कारण असते पाणी देण्यातली अनियमितता: दोन दिवस कोरडे, मग एकदम भरपूर. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्नेशियम कॅल्शियमशी स्पर्धा करते, त्यामुळे दुखणे वाढण्याचीच शक्यता अधिक. अशा वेळी 'या उपायामागचे कारण काय, आणि या उपायाविरुद्ध काय पुरावा आहे?' एवढा उलटा प्रश्न टाकला तरी पुष्कळदा चॅटबॉट स्वतःच आपले उत्तर दुरुस्त करतो. नुसते 'नक्की का?' असे विचारू नका, कारण तेव्हा तो बरोबर उत्तरही घाबरून बदलतो.

आतापर्यंत जे बोललो त्यात चूक झाली तर एखादे रोप जाते, आणि ते पुन्हा लावता येते. काही प्रश्न असे आहेत की तिथे चूक परत घेता येत नाही, आणि त्यांच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: चॅटबॉटच्या उत्तरावर कृती करू नये, आणि केवळ कुणाच्या अनुभवावरही करू नये.

पहिला प्रश्न गच्चीवरच्या वजनाचा. गच्चीवर वाफे करायचे असे विचारले की फूटभर मातीचा वाफा सहज सुचवला जातो. भिजलेल्या मातीचे वजन घनमीटरला दीड टनाच्या पुढे जाते. एक फूट जाडीचा थर म्हणजे दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भार. भारतीय मानकानुसार लोकांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी धरायचा वापरभार (म्हणजे माणसे-सामान यांचा भार) साधारण दीडशे किलो प्रति चौरस मीटर आहे. हा फरक तिपटीहून अधिक आहे, आणि तो नेमका पावसाळ्यात, स्लॅब ओला असताना, सर्वाधिक असतो. मुंबईत तर असंख्य इमारती जुन्या आणि दुरुस्त्या केलेल्या आहेत. स्ट्रक्चरल इंजिनिअरने इमारत पाहून लेखी दिल्याशिवाय गच्चीवर माती पसरू नका. तोवर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असलेले हलके मिश्रण आणि भिंतींच्या कडेने, तुळयांवर येतील अशा ठेवलेल्या कुंड्या एवढ्यावर थांबा. याबाबत मी सोसायट्यांना नेहमी आग्रहाने सांगतो आणि तुम्हालाही तसेच सांगतो.

दुसरा कीटकनाशकांचा. मात्रा आणि औषध यांसाठी बाटलीवरचे लेबल आणि सोबतचे पत्रक हाच आधार धरा. लेबलवरच्या चौकोनातला त्रिकोणी रंग विषारीपणा सांगतो. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. जुन्या मजकुरात असलेल्या शिफारशी चॅटबॉटच्या उत्तरात डोकावू शकतात; मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावरचा वापर आपल्याकडे २००५ मध्येच बंद झाला आहे. घरच्या गॅलरीत, जिथे मुले वावरतात आणि खालच्या मजल्यावर कपडे वाळत असतात, तिथे लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि ते मिसळण्यापुरता सौम्य साबण, संध्याकाळी फवारलेला, याच्या पुढे जाण्याची गरज मला क्वचितच पडली आहे.

तिसरा, फोटोवरून ओळखून खाण्याचा. पावसाळ्यात रानभाज्या आणि अळंबी यांचे फोटो चॅटबॉटला दाखवून 'हे खाता येईल का?' असे विचारणारे आता भेटू लागले आहेत. शेवळासारखी भाजी नीट ओळखली तरी काकडाची फळे किंवा चिंच-आमसूल घालून शिजवली नाही तर घसा खाजवून हैराण करते. अळंबीच्या बाबतीत तर चूक जिवावर बेतते. ज्या आदिवासी स्त्रिया या भाज्या बाजारात आणतात त्यांच्याकडून, त्यांनी सांगितल्याप्रमाणे शिजवून खाव्यात. हे ज्ञान हातातून हातात आलेले आहे आणि ते तिथूनच घ्यावे.

सोसायटीच्या आवारातले झाड छाटायचे असेल तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो आणि महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. छाटणीचे शास्त्र चॅटबॉट छान सांगेल, परवानगीचे सांगेलच असे नाही.

आता तुम्हाला जवळचा, इथला अनुभव कुठे मिळेल ते सांगतो. तुमच्याच इमारतीत किंवा शेजारच्या इमारतीत, तुमच्याच दिशेच्या गॅलरीत ज्यांची झाडे चांगली आहेत त्यांच्याकडे जा. मजला आणि दिशा सारखी असेल तर त्यांचा एक हंगाम माझ्या सर्व अनुभवापेक्षा तुमच्या अधिक उपयोगाचा आहे. भायखळ्याच्या राणीच्या बागेत महापालिकेचे झाडाफुलांचे प्रदर्शन भरते तेव्हा तिथल्या माळ्यांशी बोला. त्यांना मुंबईच्या हवेतले झाड रोज पाहायचे असते आणि आपुलकीने विचारले तर ते भरभरून सांगतात. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर मराठीत बोलता येते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशी आपल्यासारख्याच पावसाच्या आणि हवेच्या प्रदेशासाठी केलेल्या असतात, म्हणून एखाद्या भाजीची लागवड कधी करावी याविषयी दापोली आणि चॅटबॉट यांत मतभेद झाला तर मी दापोलीचे मानतो. पुण्याची किंवा नाशिकची शिफारस मात्र तशीच उचलू नये. घाटावरची कोरडी थंडी आपल्याला मिळत नाही. नर्सरीवाल्यालाही टाकून बोलू नका, पण त्याला 'काय घालू?' असे न विचारता 'हे रोप कुठून आले आणि तुम्ही याला किती ऊन, किती पाणी देत होता?' असे विचारा. आपल्याकडे विकली जाणारी पुष्कळ रोपे आंध्रातल्या कडियमहून किंवा पुण्याच्या बाजूने येतात, आणि घट्ट चिकणमातीच्या गोळ्यात वाढलेले रोप तसेच कुंडीत ठेवले तर पावसाळ्यात त्याच गोळ्यात पाणी साचून राहते. तुमचा कढीपत्ता असा आणलेला असेल तर मुळाशी तो गोळा सापडण्याची शक्यता आहे.

चॅटबॉटला पुढच्या वेळी विचाराल तेव्हा मजला, दिशा, महिना, कुंडीचे माप, मातीचे मिश्रण, पाणी कुठले आणि शेवटचे कधी दिले, हे सगळे आधी सांगा, आणि 'उत्तर देण्यापूर्वी तुला आणखी काय माहीत हवे ते मला विचार' असे म्हणा. एवढ्याने उत्तराचा दर्जा पुष्कळ सुधारतो. त्याशिवाय एक साधी वही ठेवा. केव्हा पेरले, ऊन किती तास, खत कधी, कीड कधी आली, इतके लिहिले तरी दोन हंगामांत तुमच्या गॅलरीविषयी तुमच्याइतके जाणणारे दुसरे कुणी उरणार नाही, आणि चॅटबॉटला त्या नोंदी दिल्या तर त्यालाही बोलायला खरा आधार मिळेल.

सध्या ऑगस्ट चालू आहे, म्हणून पहिले काम कढीपत्त्याचे करा. दोन-तीन दिवसांची उघडीप मिळाली की कुंडी आडवी करून मुळे पाहा, तळाची भोके मोकळी करा, कुजलेली मुळे असतील तर स्वच्छ कात्रीने काढा. मग लाल माती, शेणखत आणि कोकोपीट समप्रमाणात घेऊन, त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळून झाड पुन्हा लावा आणि कुंडी विटांवर उचलून ठेवा, म्हणजे पाणी खाली निथळेल. मुळे छाटावी लागली तर वरच्या फांद्याही थोड्या कमी करा. त्यानंतर तीन-चार आठवडे काहीही खत, औषध, ताक घालू नका, कारण एकाच वेळी चार उपाय केले तर कशाने गुण आला ते कळणार नाही. पिवळी झालेली जुनी पाने पुन्हा हिरवी होत नसतात, त्यांच्याकडे पाहू नका. नवी फूट हिरवी येते का तेवढेच पाहा. ती शिरा सोडून पिवळीच आली, आणि मुळे मात्र चांगली होती, तर मग लोहाचा विचार करू. तेव्हा पाणी महापालिकेचे आहे की बोअरवेलचे, आणि मुळे काढली तेव्हा कशी दिसली, एवढे मला अवश्य कळवा.